नागपूर ते शिर्डी : हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ

नागपूरकरांचे शिर्डीशी असलेले नाते शंभर वर्षांहून जुने आहे. शिर्डी येथील ज्या वास्तूत आज श्रीसाईबाबांची समाधी आहे, ती मूळची बुटीवाडा म्हणून ओळखली जात असे आणि नागपूरचे श्रीमंत गोपाळराव बुटी यांनी ती बांधविली होती. १५ ऑक्टोबर १९१८ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, बाबांनी देह ठेवल्यानंतर याच वाड्यात त्यांना समाधी देण्यात आली. त्या काळी नागपूरहून शिर्डीस जावयाचे म्हणजे आगगाडीने मनमाड, तेथून दौंडकडे जाणाऱ्या गाडीने कोपरगाव आणि कोपरगावाहून टांगा किंवा बैलगाडी असा प्रवासक्रम असे. घरून निघालेला भाविक केव्हा पोहोचेल याचा अंदाज दिवसांत बांधला जाई, तासांत नव्हे.

आज हा प्रश्न तासांत आणि मिनिटांत विचारला जातो. नागपुरात दर्शनास आलेले परगावचे यात्रेकरू येथूनच पुढे शिर्डीस जाण्याचा बेत आखतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न असतो की विमानाने किती अंतर आणि किती वेळ. “पाचशे किलोमीटर, तासाभराचे काम,” असे उत्तर सर्रास दिले जाते. हे उत्तर चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे, आणि या अपुऱ्या उत्तरावर विसंबून ज्यांनी दुपारच्या आरतीचा हिशेब मांडला, त्यांच्या पदरी बहुधा रात्रीची शेजारती आली आहे. म्हणून हवाई अंतर म्हणजे काय, ते कसे मोजतात, आणि त्या अंतराचा प्रत्यक्ष प्रवासाच्या वेळेशी किती संबंध असतो, हे थोडे सविस्तर पाहणे उपयुक्त ठरेल.

हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागावरून दोन स्थळांमधील सर्वांत जवळचे अंतर. त्यासाठी दोन्ही स्थळांचे अक्षांश व रेखांश माहीत असले म्हणजे पुरे. नागपूर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ सुमारे २१.०९ अंश उत्तर अक्षांश व ७९.०५ अंश पूर्व रेखांशावर आहे. शिर्डीचा विमानतळ कोपरगाव तालुक्यातील काकडी येथे, सुमारे १९.६९ अंश उत्तर अक्षांश व ७४.३७ अंश पूर्व रेखांशावर आहे. म्हणजे अक्षांशांत १.४० अंशांचा आणि रेखांशांत ४.६८ अंशांचा फरक पडतो. अक्षांशाचा एक अंश सर्वत्र जवळजवळ १११ किलोमीटरचा असतो. रेखांशाचे तसे नाही. रेखावृत्ते ध्रुवांकडे एकत्र येत जातात, त्यामुळे विषुववृत्तावर १११ किलोमीटर असलेला रेखांशाचा अंश आपल्या भागात, म्हणजे वीस अंशांच्या आसपास, सुमारे १०४.३ किलोमीटरच भरतो. या हिशेबाने शिर्डी नागपूरच्या पश्चिमेस ४८८ किलोमीटर आणि दक्षिणेस १५५ किलोमीटर आहे. आता शाळेत शिकलेला काटकोन त्रिकोणाचा सिद्धान्त आठवावा. दोन्ही बाजूंच्या वर्गांची बेरीज करून तिचे वर्गमूळ काढले की कर्ण मिळतो, आणि तो येतो ५१२ किलोमीटर. हेच नागपूर व शिर्डी या दोन विमानतळांमधील हवाई अंतर होय. वैमानिक ज्या सागरी मैलांत अंतर सांगतात, त्या मापाने ते २७६ मैलांच्या घरात जाते. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असतो.

पृथ्वी गोल असताना सपाट कागदावरचा त्रिकोण कसा चालेल, अशी शंका एखाद्या चौकस विद्यार्थ्याच्या मनात येईल. एवढ्या अंतरासाठी तो खुशाल चालतो. नागपूरपासून शिर्डीपर्यंत जमिनीच्या पोटातून अगदी सरळ बोगदा खणता आला असता, तरी वाट जेमतेम १४० मीटरनी कमी झाली असती. अमेरिका किंवा युरोपच्या प्रवासात मात्र असा हिशेब करून भागत नाही.

नकाशावर ही ५१२ किलोमीटरची रेघ ओढली तर ती नागपूरहून निघून वर्धा शहर डावीकडे व अमरावती उजवीकडे ठेवते, अकोला आणि बुलडाणा यांच्या दक्षिणेकडून जाते, छत्रपती संभाजीनगरच्या अगदी उत्तरेस, दहा-अकरा किलोमीटरवरून सरकते आणि गोदावरीच्या खोऱ्यात उतरते. रेखांशांतील फरकाचा आणखी एक परिणाम भाविकांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. सूर्याला एक रेखांश ओलांडण्यास चार मिनिटे लागतात. त्यामुळे घड्याळ एकच असले तरी शिर्डीचा सूर्य नागपूरच्या मानाने सुमारे १९ मिनिटे उशिरा मावळतो. शिर्डीची धूपारती सूर्यास्ताच्या वेळी होते. नागपुरात तिन्हीसांजा झाल्या म्हणून तेथेही धूपारती आटोपली असेल, असे समजण्याचे कारण नाही.

आता वेळेकडे वळू. प्रवासी जेट विमान उंचावर गेल्यावर ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास वेगाने जाते. ५१२ किलोमीटरला त्या वेगाने भाग दिला तर ३८ मिनिटे येतात. पंख्यांची लहान विमाने, जी छोट्या विमानतळांवर नेहमी दिसतात, ताशी सुमारे ५०० किलोमीटर जातात. त्यांना तासभर लागेल. परंतु कोणतेही विमान उडाल्याबरोबर पूर्ण वेग घेत नाही आणि पूर्ण वेगाने धावपट्टीवर टेकतही नाही. चढण्यात आणि उतरण्यात मिळून पाचशे किलोमीटरच्या प्रवासाचा मोठा हिस्सा खर्ची पडतो. अंतर जितके लहान, तितका हा वाटा मोठा. शिवाय विमान ज्या दिशेच्या धावपट्टीवरून उडते त्या दिशेने आधी जाते आणि मग मार्गाला लागते. उतरतानाही तसेच वळसे घेते. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, म्हणून नागपूरहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानास परतीच्या विमानापेक्षा काही मिनिटे अधिक लागतात. तिकिटावर छापलेला वेळ तर त्याहूनही वेगळी गोष्ट आहे. विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभे राहीपर्यंतचा काळ त्यात धरलेला असतो. धावपट्टीपर्यंत हळूहळू जाणे आणि रांगेत थांबणे यांचाही त्यात समावेश होतो. हे सर्व लक्षात घेता नागपूर–शिर्डी एवढ्या अंतरासाठी एक तास ते सव्वा तास हाच वाजवी अंदाज होय.

येथवरचे गणित थेट विमानाचे झाले. परंतु दोन विमानतळ आहेत म्हणून त्यांच्यामध्ये विमान असतेच असे नाही, आणि प्रवाशाची फसगत नेमकी येथे होते. शिर्डीचा विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ रोजी, श्रीसाईबाबांच्या समाधी शताब्दीच्या पर्वात, तत्कालीन राष्ट्रपती श्री. रामनाथ कोविंद यांच्या हस्ते सुरू झाला. नागपूरच्या मिहान प्रकल्पासाठी स्थापन झालेल्या महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीनेच तो उभारला, ही नागपूरकरांना समाधान देणारी बाब आहे. तथापि शिर्डीची विमाने आजवर मुख्यत्वे हैदराबाद, मुंबई, दिल्ली, बंगळूर, चेन्नई अशा मोठ्या शहरांशी जोडलेली राहिली; विदर्भाच्या वाट्याला बहुधा बदलीचे विमान आले. विमान कंपन्यांची वेळापत्रके वर्षातून दोनदा, मार्चअखेर व ऑक्टोबरअखेर, बदलतात. म्हणून तिकीट काढण्याच्या दिवशी कोणते मार्ग चालू आहेत हे पाहूनच बेत ठरवावा. मागील वर्षी कोणी कसे गेले, यावर विसंबू नये.

बदलीच्या विमानाने हवाई अंतराचा सारा लाभ कसा नाहीसा होतो, हे आकड्यांवरूनच स्पष्ट होते. नागपूर ते मुंबई हवाई अंतर सुमारे ६८३ किलोमीटर आणि मुंबई ते शिर्डी सुमारे १७१ किलोमीटर, एकूण ८५४. हैदराबादमार्गे गेल्यास आधी ४३१ आणि मग ५०७, म्हणजे ९३८ किलोमीटर. शिर्डी पश्चिमेस असता प्रवासी प्रथम दक्षिणेकडे जातो आणि मग वायव्येकडे परततो. काशीस जाण्यासाठी रामेश्वराची वाट धरण्यासारखेच हे झाले. तरीही अंतरापेक्षा मोठा खर्च वेळेचा आहे. सकाळी घरातून किंवा धर्मशाळेतून विमानतळावर पोहोचण्यास पाऊण तास धरावा. विमान सुटण्यापूर्वी दोन तास हजर राहावे लागते. सामान देण्याची खिडकी सुटण्याच्या वेळेआधी साधारण एक तास बंद होते आणि ती बंद झाल्यावर विनवण्यांचा उपयोग होत नाही. मुंबईपर्यंत दीड तास. तेथे दुसऱ्या विमानाची वाट पाहण्यात अडीच तास, तेही वेळा जुळल्या तर. पुढे शिर्डीपर्यंत तासभर. विमानतळावर सामान घेऊन चौदा-पंधरा किलोमीटरवरील मंदिर परिसरात पोहोचण्यास आणखी एक तास. ही बेरीज पावणेनऊ तासांची होते. यात उडण्याचा वेळ फार तर अडीच तास. उरलेले सहा तासांहून अधिक जमिनीवरच गेले.

थेट विमान उपलब्ध असल्यास हाच हिशेब पाच तासांवर येतो. पाऊण तास, दोन तास, सव्वा तास आणि शेवटी एक तास. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण आता त्याच्याशी रस्त्याची तुलना करावयाची आहे.

हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे महाराष्ट्र समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधान श्री. नरेंद्र मोदी यांच्या हस्ते खुला झाला. इगतपुरीपासून ठाणे जिल्ह्यातील आमणेपर्यंतचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू होऊन ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस मिळाला. नागपूरकडील आरंभ शिवमडका येथे, विमानतळाच्याच बाजूस आहे. येथे एक लक्षणीय गोष्ट दिसते. हवाई अंतर ५१२ किलोमीटर आणि रस्ता ५२० किलोमीटर. दोन्ही टोके अगदी तीच नाहीत, रस्त्याचे टोक कोपरगावजवळ आहे आणि तेथून शिर्डीस थोडे पुढे जावे लागते. तरीही जमिनीवरचा रस्ता पक्ष्याच्या वाटेच्या इतका जवळ येणे हे महाराष्ट्रात पूर्वी घडले नव्हते. जुन्या रस्त्यांनी गावोगाव थांबत, वळणे घेत जाणाऱ्या गाडीस अख्खा दिवस लागत असे. आता मोटारीने, दोन-तीन वेळा विसावा घेऊन, साडेसहा ते साडेसात तासांत शिर्डी गाठता येते. म्हणजे बदलीच्या विमानापेक्षा मोटार आधी पोहोचते आणि थेट विमानापेक्षा ती दोन-अडीच तासच मागे राहते.

इतके वाचून कोणी लगेच रात्रीची गाडी ठरवू नये. या मार्गाचा सरळपणा हाच त्याचा धोका आहे. तासन्‌तास वळण नाही, सिग्नल नाही, समोरून येणारे वाहन नाही. अशा रस्त्यावर चालकाचे डोळे उघडे असूनही मन सुस्तावते. तज्ज्ञ याला महामार्गावरील संमोहन म्हणतात. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर बुलडाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याकडे निघालेल्या खासगी बसला अपघात होऊन आग लागली आणि २५ प्रवाशांचा अंत झाला. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरच्या पहाटेपूर्वी वैजापूरजवळ झालेल्या अपघातात १२ जण मृत्युमुखी पडले. ते सैलानी बाबांच्या दर्शनाहून नाशिककडे परतणारे भाविक होते. दोन्ही दुर्घटना रात्रीच्या आहेत. प्रवासात रात्र घालवून दिवस वाचवावा, मुक्कामाचा खर्च टाळावा आणि पहाटे काकड आरतीस उभे राहावे, हा विचार यात्रेकरूंच्या मनात स्वाभाविकपणे येतो. परंतु त्या हिशेबात चालकाची झोप कोणीच धरत नाही. दिवसभर नागपुरातील देवदर्शने घडविलेल्या चालकालाच रात्री शिर्डीकडे गाडी हाकावयास सांगणे सर्वथा गैर आहे. पहाटे सहाच्या सुमारास निघावे, दोन तासांनी थांबावे, टायरांतील हवा व इंधन निघण्यापूर्वी पाहून घ्यावे. मोटारींसाठी सपाट भागात ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. ती मर्यादा आहे, तेवढा वेग गाठलाच पाहिजे असे नाही. ताशी १०० ऐवजी ९० किलोमीटरने गेल्यास ५२० किलोमीटरांत जेमतेम ३५ मिनिटांचा फरक पडतो.

रात्रीचाच प्रवास हवा असेल त्यांच्यासाठी आगगाडी अजूनही सर्वांत सोयीची आहे. नागपूरहून भुसावळमार्गे मनमाड ही बुटींच्या काळचीच वाट. शयनयानात झोपून पहाटे मनमाडला उतरावे, तेथून मोटारीने दीड तासात शिर्डी येते. २००९ पासून साईनगर शिर्डी हे स्थानकही झाले आहे. वयोवृद्ध मंडळींना सात तास मोटारीत बसण्यापेक्षा आडवे होऊन जाणे मानवते, हा अनेक कुटुंबांचा अनुभव आहे.

मग विमान कोणी घ्यावे? जे मुळात परराज्यातून विमानाने येणार आहेत त्यांनी नागपूर व शिर्डी ही दोन टोके धरून तिकिटे काढावीत. उदाहरणार्थ, दिल्लीचा यात्रेकरू नागपुरात उतरून, येथील दर्शन आटोपून, दिवसाउजेडी मोटारीने शिर्डीस गेला आणि परतीचे विमान त्याने शिर्डीहून घेतले, तर एकही बाजू दोनदा घडत नाही. वार्षिकोत्सवासाठी एका दिवसाकरिता येणाऱ्या देणगीदार मंडळींनाही हीच रीत सोयीची पडेल. मात्र शिर्डीहून परतताना मुंबईत विमान बदलावयाचे असल्यास दोन्ही विमाने एकाच टर्मिनलवरून सुटतात काय, आणि दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर आहेत काय, हे आधी पाहावे. तिकिटे वेगळी असली आणि पहिले विमान उशिरा आले, तर दुसऱ्या विमानाचे पैसे बुडतात. हिवाळ्यातील धुके व पावसाळ्यातील ढग यांमुळे दृश्यमानता कमी झाली की विमान उशिरा उतरते किंवा दुसरीकडे वळविले जाते. अशा दिवसांत परतीच्या प्रवासानंतर त्याच दिवशी महत्त्वाचे काम ठेवू नये. ज्यांना चालणे कठीण जाते त्यांच्यासाठी चाकाच्या खुर्चीची मागणी तिकीट काढतानाच नोंदवावी.

नागपूरच्या हवाई स्थानाविषयी एक जुनी आठवण येथे सांगण्याजोगी आहे. जानेवारी १९४९ मध्ये देशात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, मद्रास आणि कलकत्ता या चार शहरांतून संध्याकाळनंतर निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरात येत, येथे टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या गावी परतत. नागपूरपासून दिल्ली सुमारे ८५०, मुंबई ६८३, चेन्नई ९०५ आणि कोलकाता ९८५ किलोमीटर. म्हणजे नागपूर या चारही शहरांच्या मध्यवर्ती आहे. पत्रांना ही मध्यवर्ती जागा लाभली, कारण त्यांची विमाने नागपूरसाठीच निघत. प्रवाशांना तो लाभ तेव्हाच मिळतो जेव्हा त्यांना हवे त्या गावचे विमान येथून सुटते.

शेवटी सामानाविषयी. विमानाने जाणाऱ्या भाविकांनी कापूर व काडेपेट्या बरोबर घेऊ नयेत. त्या ज्वालाग्राही असल्याने हातातल्या किंवा जमा करावयाच्या अशा कोणत्याही सामानातून नेता येत नाहीत. सुक्या खोबऱ्यालाही तेलाच्या अंशामुळे तोच नियम लागू होतो. अख्खा नारळ हातातल्या पिशवीत सहसा चालत नाही. शबरीमला यात्रेकरूंसाठी नागरी विमान सुरक्षा विभागाने ऑक्टोबर २०२४ मध्ये २० जानेवारी २०२५ पर्यंत त्यास सवलत दिली होती, ती त्या यात्रेपुरती होती. नारळ, कापूर आणि उदबत्ती शिर्डीतच घ्यावी. नागपूरची संत्री मात्र हातातल्या पिशवीतून नेण्यास हरकत नाही. डिसेंबर-जानेवारीत ती शिर्डीपर्यंत उत्तम टिकतात.